लॅपटॉपला धाप लागते तेव्हा

“आई, पुन्हा गेला!”

माडीवरून ही हाक आली की समजायचं, लॅपटॉप बंद पडला. गेल्या मार्गशीर्षात ही हाक आमच्या घरात इतक्या वेळा उठली की एके दिवशी शेजारच्या आजी काठी टेकत दारात आल्या आणि हळू आवाजात विचारू लागल्या, “कोण गं गेलं?” त्यांना चहा देऊन, लॅपटॉप म्हणजे काय आणि तो ‘जातो’ म्हणजे काय होतं, हे समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. जाताना म्हणाल्या, “माणूस नव्हे ना? मग एवढं काय ओरडायचं!”

आजींचं म्हणणं खरं, पण ओरडण्याला कारण होतं. माझी धाकटी लेक बी.कॉम. झाली आणि पुण्यातल्या एका कंपनीचं हिशेबाचं काम घरी बसून करू लागली. पहिलीच नोकरी. सहा महिने परीक्षेचे, ते नीट गेले तर कायम. काम कंपनीचं, यंत्र मात्र ज्याचं त्यानं आणायचं. तिच्याकडे होता कॉलेजात असताना घेतलेला लॅपटॉप, पाच वर्षांचा. रोज सकाळी दहाला पडद्यावर सगळ्यांची बैठक. सगळे एकमेकांना दिसतात, बोलतात. आणि नेमक्या त्या बैठकीत, कधी पंधराव्या मिनिटाला तर कधी पंचविसाव्या, लॅपटॉपचा पडदा काळा. ना सूचना, ना निरोप. वायर ओढून काढावी तसा कारभार.

तिच्या वरच्या बाईंनी पहिल्यांदा सांभाळून घेतलं. दुसऱ्यांदा विचारलं, “तुमच्याकडे लाइट जाते का?” चौथ्यांदा मेल आली की महिन्याभरात काय ते ठीक करा, नाहीतर कायम करण्याबाबत विचार करावा लागेल.

घरातही तऱ्हा वेगळी नव्हती. हे म्हणाले, “पाच वर्षं नीट चालला, आणि आताच कसा बिघडला? हिचंच काही चुकत असणार.” आणि आता एक गोष्ट कबूल करते. मलाही तसंच वाटत होतं. मुलगी नवी, लाजाळू. बैठकीत इंग्रजीत बोलायची वेळ आली की घाबरते, हे मला माहीत होतं. मनात आलं, हीच तर बंद करत नसेल? आणि ‘आपोआप गेला’ म्हणून सांगत नसेल?

विचारायचं धाडस झालं नाही. मग मी काय केलं? भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिते ना, त्याच्याच शेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरांत लिहायला लागले. ‘10 ला सुरू, 10.20 ला गेला, गादीवर.’ ‘10 ला सुरू, 10.15 ला गेला, गादीवर.’ म्हटलं, आठ-दहा दिवस लिहू, खोटं असेल तर सापडेलच. आईनं लेकीवर पाळत ठेवावी! पण ठेवली खरी.

इकडे उपाय सुरू होतेच. आपल्याकडे माणूस आजारी पडला की गल्लीभर वैद्य असतात, तसंच लॅपटॉपचंही झालं. भाच्यानं फोनवरून सांगितलं, “व्हायरस असणार, फॉरमॅट मारा.” मारला. दोन दिवस सगळं पुन्हा भरण्यात गेले आणि तिसऱ्या दिवशी बैठकीत पुन्हा काळोख. कुणी म्हणालं बॅटरी बदला. एका नातेवाइकांनी तर दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं! आमचे हे खरंच घेऊन निघाले होते, मीच अडवलं. बाहेर काढल्यावर थंडगार डब्याला घाम फुटतो तसा त्यालाही आतून फुटेल, हे कळायला इंजिनीअर व्हावं लागत नाही.

तापला असेल, हे मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नाही. कारण दिवस थंडीचे होते. बेळगावची डिसेंबरातली सकाळ तुम्हाला ठाऊकच आहे. लेक गादीवर मांडी घालून, पायांवर वाकळ घेऊन बसायची आणि वाकळीवर लॅपटॉप. “छान ऊब येते गं आई,” असंही म्हणायची. ती ऊब कुठून येते, हे तिनंही विचारलं नाही आणि मीही नाही.

शेवटी बाजारातल्या एका दुकानात नेला. त्यांनी ठेवून घेतला, दुसऱ्या दिवशी सांगितलं, “मदरबोर्ड गेलाय. बारा हजार. त्यापेक्षा नवा घ्या.” नवा घ्यायचा तर पन्नास हजारांच्या आसपास. लेकीचा पगार नवखा. ह्यांची पेन्शन बेताची. माझी भिशी उचलायची वेळ आली असती. मी हिशेब मांडायलाही घेतला होता.

तेवढ्यात दूध घालणाऱ्या मावशींनी त्यांच्या गल्लीतल्या एका पोराचं नाव सांगितलं. मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्त करतो, दुकान एवढंसं, पण हात चांगला. हे त्याला घरीच घेऊन आले. वय असेल पंचवीस-सव्वीस. आल्या आल्या त्यानं पिशवीतून हत्यारं काढली नाहीत. पाट ओढून बसला आणि विचारायला लागला. कधी बंद पडतो? काय करत असताना? सांगून पडतो की एकदम? पडल्यावर लगेच सुरू होतो की थांबावं लागतं? चार्जर लावलेला असताना पडतो की नुसत्या बॅटरीवर?

लेक गोंधळली. म्हणाली, “तसं काही ठरलेलं नाही. केव्हाही पडतो.” मग मी, जरा ओशाळून, कॅलेंडर काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं.

तो वाचत गेला आणि त्याचा चेहरा खुलला. “काकू, अर्धं काम तुम्हीच करून ठेवलंय की ओ!” म्हणाला.

माझ्या त्या चोरट्या नोंदींत त्याला काय दिसलं, ते त्यानंच समजावलं. अकरा वेळा लॅपटॉप गेला होता आणि त्यातल्या दहा वेळा बैठक चालू होती. नुसतं पत्र टाइप करताना किंवा आकडे भरताना एकदाही नाही. पडद्यावरच्या बैठकीत चित्र पाठवायचं, सगळ्यांची चित्रं आणायची, आवाज सांभाळायचा, ही सगळी कामं लॅपटॉपच्या मेंदूला, म्हणजे प्रोसेसरला, एकाच वेळी करावी लागतात. काम जास्त, तेवढी उष्णता जास्त. दुसरं, गादीवर असताना तो पंधरा-वीस मिनिटांत गेला होता, आणि एक दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला तेव्हा चाळीस मिनिटं टिकला होता. तिसरं, पडल्यावर लगेच बटण दाबलं तर सुरू होऊन पुन्हा पडायचा, आणि लेक चिडून चहा पिऊन आली की नीट सुरू व्हायचा.

“चार्जर काढल्यावरच पडत असता तर मी बॅटरी बघितली असती,” तो म्हणाला. “सकाळी थंड असताना, सुरू करता करताच पडत असता, तर दुसरं काही असू शकलं असतं. पण काम वाढलं की पडतो, वारा कोंडला की लवकर पडतो, निवला की उठतो. हा तापालाय काकू, दुसरं काही नाही.”

“पण मग बंद का पडतो?” ह्यांनी विचारलं. त्याचं उत्तर माझ्या कायमचं लक्षात राहिलं. तो म्हणाला, “तो बिघडून बंद पडत नाही काका. बिघडू नये म्हणून बंद पडतो.”

प्रोसेसरला सोसण्याची एक हद्द असते. बहुतेक लॅपटॉपमध्ये ती शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे आपलं चहाचं आधण उकळतं तेवढी. तिथवर पोचायला लागला की तो आधी आपला वेग कमी करतो. म्हणूनच बैठकीत आधी चित्र अडखळायचं, आवाज तुटायचा, आणि आम्ही इंटरनेटला शिव्या द्यायचो. तरीही ताप उतरला नाही, तर तो स्वतःच वीज तोडतो. निरोप द्यायलाही थांबत नाही, कारण तेवढ्या वेळातही जळण्याची भीती असते. घरातला फ्यूज उडतो तसंच म्हणा ना. फ्यूजला दोष देऊन काय उपयोग?

मग त्यानं लॅपटॉपच्या बाजूच्या जाळीपाशी माझा हात धरायला लावला. आत पंखा घोंगावत होता, पण हाताला वारा जेमतेम लागत होता. “फॅन जोरात फिरालाय, पण वारा कुठं येवालाय?” तो म्हणाला. पंख्याचा आवाजच नसता तर पंखा गेला म्हणायचं. आवाज मोठा आणि वारा नाही, म्हणजे वाट बुजली. त्यानं तापमान दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम लावला आणि लेकीला मैत्रिणीशी पडद्यावर बोलायला सांगितलं. आकडा चढायला लागला. साठ, बहात्तर, पंच्याऐंशी, त्र्याण्णव. आम्ही सगळे थर्मामीटरकडे बघावं तसे बघत बसलो. अठ्ठ्याण्णव दिसले आणि पडदा काळा.

त्या क्षणी मी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. तिचे हात मांडीवर होते. तिनं कशालाही हात लावला नव्हता.

मग त्यानं लॅपटॉप उघडला. चार्जर काढला, बंद केला, पाठीमागचे स्क्रू काढून कागदावर जसेच्या तसे मांडून ठेवले, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी बसवला तर आतलं काही फुटू शकतं. सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी सोडवली. आत तांब्याची एक चपटी नळी दिसली. ती पोकळ असते आणि तिच्यात किंचित द्रव असतो. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, ती पंख्याकडच्या टोकाला जाऊन थंड होते, पुन्हा द्रव होऊन परत येते. झाकणाला वाफ लागून थेंब खाली पडावेत तसं चक्र अखंड चालू. पंख्याकडच्या टोकाला धातूच्या पातळ पातळ पात्या असतात, कंगव्याच्या दातांसारख्या. पंखा त्यांच्यातून वारा घालवतो आणि उष्णता बाहेर पडते.

पंखा वरून बराच स्वच्छ दिसत होता. ह्यांना वाटलं, पोरगा उगाच उघडून बसला. पण त्यानं पंखा उचलून बाजूला केला आणि पंखा व त्या पात्या यांच्या मधून चिमट्यानं काहीतरी ओढून काढलं. राखाडी रंगाची, बोटभर लांब, घट्ट बसलेली पट्टी. समईची वात वळून ठेवावी तशी!

“काकू, तुमच्या शेजारी माग आहेत काय?” त्यानं विचारलं.

आहेतच. आमचं घर वडगावात. भिंतीला लागून चार यंत्रमाग दिवसभर खटखटत असतात. पूर्वी आमच्या घरातही होते. माझे सासरे स्वतः मागावर बसायचे. सुताची बारीक लव आमच्या हवेतच असते. ती खिडकीच्या गजांवर बसते, देवाच्या फोटोवर बसते, मी रोज पुसते. पण लॅपटॉपच्या आत पुसायला कोण जाणार? गादीवर ठेवला की खालच्या जाळीतून तो गादीची आणि वाकळीचीही लव ओढून घेतो. पाच वर्षं थोडी थोडी साचत गेली आणि तिची लोकर झाली. ज्या सुतानं आमच्या दोन पिढ्यांना जेवू घातलं, त्यानंच तिसऱ्या पिढीच्या नोकरीचा गळा धरला होता म्हणायचा!

त्यानं मऊ ब्रशनं पात्या साफ केल्या. हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवलं. नुसत्या हवेच्या झोतानं पंखा भन्नाट फिरला तर खराब होतो, म्हणाला. घरातला व्हॅक्युम क्लीनर लावू नका, हेही बजावलं, कारण त्यानं आत स्थिर वीज तयार होऊन नाजूक भागांना धक्का बसू शकतो. मग प्रोसेसर आणि तांब्याची पट्टी यांच्यामधली वाळून खडखडीत झालेली पेस्ट स्पिरिटसारख्या द्रवानं पुसून काढली, आणि नवी लावली, मसुराच्या दाण्याएवढी. मी म्हटलं, “अरे, अजून थोडी लाव की.” तर हसला. “हे लोणी नव्हे काकू.” दोन धातूंमधल्या बारीक फटी भरण्यापुरतीच ती हवी असते. जास्त लावली म्हणून जास्त थंड होत नाही.

सगळं बसवून पुन्हा मैत्रिणीला फोन. आकडा चढला. साठ, अडुसष्ट, बहात्तर. आणि बहात्तरवर थांबला. अर्धा तास बोलणं चाललं, आकडा तिथंच. जाळीपाशी हात धरला तर गरम वाऱ्याचा झोत. पैसे किती? सहाशे रुपये. बारा हजारांचा मदरबोर्ड आणि पन्नास हजारांचा नवा लॅपटॉप, दोन्ही त्या बोटभर वातीत अडकले होते.

वाचकहो, तुमच्याही घरी असं होत असेल तर घाईनं पैसे घालवू नका. आधी चार दिवस लिहून ठेवा : केव्हा, कुठं, काय करताना. लॅपटॉप टेबलावर किंवा निदान पाटावर ठेवून बघा. जाळीपाशी हात धरा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की कुठला प्रोग्रॅम किती राबतोय ते दिसतं. तुम्ही काहीच करत नसताना एखादा सतत ऐंशी-नव्वद टक्के दाखवत असेल, तर ताप तिथून येतोय. वॉरंटी असेल तर स्वतः उघडू नका, कंपनीच्या केंद्रात न्या. खालचा भाग फुगलेला दिसला, माऊसची पट्टी वर उचललेली वाटली, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता असते. अशा वेळी चार्ज करणं लगेच थांबवा, दाबून बसवायला किंवा टोचायला जाऊ नका, कचऱ्यातही टाकू नका, जाणकाराच्या हवाली करा. आणि खाली ठेवायचा पंख्याचा स्टँड चांगला असतो, पण आतली वाट बुजलेली असेल तर बाहेरच्या वाऱ्यानं फारसं काही होत नाही.

लेकीनं त्या वातीचा आणि दोन्ही आकड्यांचा फोटो काढून पुण्याच्या बाईंना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, “हे आधीच कळवायचं नाही का? मला वाटलं तुला बैठकीला बसायचं नसतं.” म्हणजे त्यांनाही तेच वाटत होतं, जे मला वाटत होतं. तीन महिन्यांनी ती कायम झाली.

कॅलेंडरची गोष्ट मात्र माझ्या मनात टोचत होती. त्या पोरानं त्याच नोंदींचं कौतुक केलं होतं, लेकही सगळ्यांना सांगत सुटली होती, “आईनं लिहून ठेवलं म्हणून सापडलं!” प्रत्येक वेळी मी मान खाली घालायची. एका रात्री भांडी आवरताना सांगून टाकलं. मदत म्हणून नव्हतं लिहिलं गं. तू खोटं बोलतेस असं वाटलं, म्हणून लिहिलं.

ती थोडा वेळ गप्प राहिली. हातातलं ताट पुसून तिनं मांडणीवर ठेवलं. मग म्हणाली, “मला कळलं होतं आई. तू दर वेळी हळूच जिन्यात येऊन उभी राहायचीस.” आणि थोडं थांबून, “पण मला विचारलं असतंस तर बरं वाटलं असतं.”

एवढंच बोलली. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

आता नवं कॅलेंडर लागलंय. दर तीन महिन्यांच्या पहिल्या रविवारी मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय : ‘जाळी साफ’. लॅपटॉप माडीवरच्या जुन्या टेबलावर असतो आणि वाकळ नुसती पायांवर. परवा सकाळी दहाला मी जिन्यातून न थांबता सरळ वर गेले, चहाचा कप तिच्या टेबलावर ठेवला. ती बैठकीत बोलत होती, इंग्रजीत, जरा अडखळत. मी आल्याचं पाहून तिनं एक बोट जाळीपाशी धरलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. वारा येत होता.